बेळगाव भागात हाताला काम आणि कामाला किंमत: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

दहावी झाली, बारावी झाली, कुणाचं बीए झालं, आता पुढं काय हा प्रश्न आपल्याकडं खानापूरपासून निपाणीपर्यंत घराघरात आहे. गावच्या कट्ट्यावर कुणी "काय करूलास रे सध्या?" विचारलं की निम्मी पोरं "बघूलोय की" म्हणून विषय बदलतात. आणि दुसरीकडं उद्यमबाग आणि मच्छेचे कारखानदार भेटतील तिथं हेच म्हणतात की माणसं मिळत नाहीत. दोन्ही खरं आहे. पोरं भरपूर आहेत, पण ड्रॉइंग बघून काम समजणारी, मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं हत्यार) हातात धरून बरोबर माप सांगणारी, मशीन बंद पडलं तर निदान कशामुळं पडलं ते सांगू शकणारी पोरं कमी पडतात. ही मधली फट कशी भरायची ते पायरीपायरीनं लिहितोय, मुख्यतः ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी.

आधी एक गैरसमज काढून टाकूया. प्रॉडक्टिव्हिटी म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं मालक जास्त राबवून घेणार. तसं नाही हो. एका माणसाच्या एका तासाच्या कामातून पहिल्याच झटक्यात पास होणारा माल किती निघतो, ती प्रॉडक्टिव्हिटी, आणि ती घाई करून वाढत नाही, शिकून वाढते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, खाली हिशेबच करून दाखवतो.

पायरी १: आपल्या भागात काय बनतं ते आधी बघा

युट्यूब बघून कोर्स निवडू नका. आपल्या पंचवीस-तीस किलोमीटरात काय बनतं ते बघा. बेळगाव म्हणजे फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतणं) आणि मशिनिंग (ते ओतकाम, म्हणजे कास्टिंग, मशीनवर कापून मापात आणणं): कास्टिंग, पंपाचे भाग, हायड्रॉलिक्स, गाड्यांचे पार्ट. पुणे-बेंगळुरू हायवेवर हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग बनवणारा एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे, तिथं मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात काम चालतं. वडगाव, खासबाग, शहापूर भागात पॉवरलूम, म्हणजे यंत्रमाग. चिकोडी, अथणी, हुक्केरी, गोकाक पट्ट्यात साखर कारखाने, म्हणजे तिथं फिटर, इलेक्ट्रिशियन, लॅबवाले आणि बॉयलर अटेंडंट लागतात, आणि बॉयलर सांभाळायला कायद्यानं परीक्षा पास झालेलाच माणूस लागतो, म्हणून त्या सर्टिफिकेटला कायम किंमत आहे. खानापूरला कौलं, विटा, माती यांचं जुनं काम, तिथं खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही आहे. निपाणीत तंबाखू आणि बिडी, पण तिथल्या बायकांनी आपल्या मुलींना बिडीच्या सुपाजवळ न बसवता दुसरं काहीतरी शिकवायचं ठरवलंय असं बऱ्याच घरांत दिसतं, आणि ते अगदी योग्य आहे.

हद्दीच्या पलीकडचंही धरा. शिनोळी तर बेळगावला चिकटूनच आहे, चंदगड तालुक्यात हलकर्णी एमआयडीसी, निपाणीवरून कागल आणि गोकुळ शिरगाव जवळ, आणि गोव्याला वेर्णा. राज्याच्या योजनांना तुम्ही कुठले रहिवासी ते विचारतात, पण आयटीआयचं केंद्राचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट (लोक अजून एनसीव्हीटीचं म्हणतात) सगळ्या देशात चालतं, ते शिनोळीत वेगळं आणि उद्यमबागेत वेगळं असं नसतं. सीमाभागात राहणाऱ्याला याचा फायदा जास्त आहे, कारण आपल्याला दोन्हीकडची दारं जवळ आहेत.

पायरी २: कागदपत्रं, विशेषतः नाव

हे कंटाळवाणं वाटेल पण इथंच जास्त अर्ज अडकतात. आपली पोरं मराठी शाळेत शिकतात, शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं दुसरंच स्पेलिंग, बँकेत आडनाव गायब आणि फक्त इनिशियल, रेशन कार्डवर चौथाच प्रकार. मग ऑनलाइन फॉर्म भरताना आधार जुळत नाही, स्टायपेंड (शिकतानाचा महिन्याचा भत्ता) खात्यात जमा होत नाही. दहावीचं, म्हणजे एसएसएलसीचं मार्ककार्ड हा पाया धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या, आधार आधी, मग बँक, मग आधार बँक खात्याशी लिंक आहे का ते बँकेत जाऊन विचारा. मोबाईल नंबर घरातल्या कुणाचा तरी न देता स्वतःचा द्या आणि तो बदलू नका. डिजीलॉकर (कागदपत्रं मोबाईलवर ठेवायचं सरकारी ॲप) उघडून ठेवा.

दहावी राहिली असेल तर लाजू नका. एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयातून, बाहेरून दहावी देता येते. आठवीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केला असेल तर २०१६ पासून एनआयओएसच्या मदतीनं दहावीच्या तोडीचं सर्टिफिकेट मिळवायची सोय आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पायरी ३: पाया कुठं घालायचा

आयटीआय. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही, फक्त चौदा वर्षं पूर्ण हवीत, म्हणजे तिशीतला माणूससुद्धा जाऊ शकतो. कर्नाटकातले १५० सरकारी आयटीआय टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर अपग्रेड केलेत, तिथं ॲडव्हान्स्ड सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) मशिनिंग, रोबोटिक्स, इलेक्ट्रिक गाड्यांचा मेकॅनिक असे नवे ट्रेड आलेत, तुमच्या जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये यातलं काय आहे ते स्वतः जाऊन बघा, फोनवर नीट कळत नाही.

डोकं चालतं, हात चालतो आणि चार वर्षं द्यायची तयारी आहे त्यानं बेळगावच्या जीटीटीसीचा, म्हणजे सरकारी टूल रूमचा विचार करावा. टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवायचा, डिप्लोमा दहावीनंतर होतो, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष कंपनीत. आयटीआय दोन वर्षांचा झाला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जायचीही वाट आहे.

खासगी संस्था निवडताना दोन गोष्टी. एक, संस्थेला केंद्राची मान्यता (जिला लोक एनसीव्हीटी म्हणतात) त्याच ट्रेडला आहे का ते सरकारी पोर्टलवर बघा, नुसत्या बोर्डावर विश्वास नको. दुसरं, वर्कशॉप दाखवा म्हणा. लेथवर तेल आणि बुरादा असेल तर पोरं काम करतायत. मशीन कापड झाकून चकाचक असेल तर शंका घ्या. "शंभर टक्के जॉब गॅरंटी" म्हणून आधी मोठी रक्कम मागतात त्यांच्यापासून लांब राहा, आपल्या भागातल्या किती आईबापांचे पैसे यात गेलेत बघून पोटात तुटतं.

पायरी ४: अप्रेंटिसशिप, ही टाळू नका

आयटीआय झाल्यावर लगेच काँट्रॅक्टरकडं हेल्पर म्हणून जाऊ नका, दोन-तीन हजार जास्त मिळतात म्हणून. अप्रेंटिसशिप करा, म्हणजे कंपनीत ठरावीक काळ स्टायपेंड घेऊन काम शिका. अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे, काँट्रॅक्टवाले धरून तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते एकोणतीस माणसं असलेल्यांना सक्ती नाही पण घेता येतात, म्हणजे उद्यमबागेतल्या छोट्या शॉपलाही दार उघडं आहे. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिन्याला किमान ७०००, डिप्लोमावाल्याला ८०००, ग्रॅज्युएटला ९००० असा स्टायपेंड ठरला, सही करायच्या दिवशी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर चालू आकडा बघूनच घ्या. नॅप्स, म्हणजे केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत किमान स्टायपेंडचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार देतं. म्हणून छोट्या मालकालाही सांगायला लाज वाटायची गरज नाही की साहेब, मला पोर्टलवर नोंदवून घ्या.

पोर्टलवर नोंद झालेलं काँट्रॅक्ट हवं, त्याचा नंबर मागून घ्या. नुसतं "ये उद्यापासून" म्हणजे अप्रेंटिसशिप नव्हे, त्याचं शेवटी सर्टिफिकेट मिळत नाही.

पायरी ५: माप शिका

इथं थोडा जास्त वेळ घेतो कारण सगळं यावरच अडतं.

समजा तुम्हाला कास्टिंगमध्ये ४० मिलिमीटरचा बोअर (गोल भोक) करायचाय आणि ड्रॉइंगवर एच७ लिहिलंय. म्हणजे बोअर ४०.००० ते ४०.०२५ च्या मध्ये हवा. आता साध्या व्हर्नियरचा (सरकत्या मापपट्टीचा) लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२, म्हणजे पूर्ण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पंचवीस मायक्रॉन आणि तुमचं हत्यारच वीस मायक्रॉनचं. त्यानं माप घेऊन ओके मारणं म्हणजे अंदाजपंचे. इथं बोअर गेज (भोकाचं आतलं माप घ्यायचं हत्यार) लागतं, आणि ते आधी मास्टर रिंगवर (अचूक मापाच्या कड्यावर) किंवा मायक्रोमीटरवर सेट करायचं असतं, सेट न करता डायलचा काटा बघण्यात काही अर्थ नाही. दुसरं, पीस मशीनमधून नुकताच निघालेला, कोमट आहे, खोलीपेक्षा वीस डिग्री गरम आहे असं धरा, तर ४० मिलिमीटरचा बोअर जवळपास आठ मायक्रॉन मोठा दिसतो. टॉलरन्सचा तिसरा हिस्सा नुसत्या उष्णतेनं खाल्ला! गरम असताना ४०.००५ दाखवणारा पीस गार झाल्यावर अंडरसाईज निघतो. म्हणून पीस गार होऊ द्या, हात पुसा, बोअर पुसा, मग मोजा.

इन्सर्ट (टूलची कापणारी टीप) झिजत जाईल तसा बोअर लहान होत जातो. चांगला ऑपरेटर दर पाचव्या पीसला माप वहीत लिहितो: ४०.०१८, ४०.०१५, ४०.०११, ४०.००६. आकडे खाली येतायत हे त्याला दिसतं आणि पीस रिजेक्ट व्हायच्या आधीच तो एक्सच्या वेअर ऑफसेटला (झिजेची भरपाई करायला मशीनमध्ये घालायच्या आकड्याला) ०.०१० वाढवून परत मध्यावर आणतो. नवखा मात्र क्वालिटीवाला ओरडत येईपर्यंत थांबतो, तोवर पेटीत दहा पीस खराब पडलेले असतात. आणि ऑफसेट जास्त पडून बोअर एकदा मोठा झाला की ते कास्टिंग गेलंच, वितळवायला लागलेली करंट, वाळू, कोअर, मोल्डरची मेहनत, फेटलिंग (ओतकाम घासून साफ करणं), मशिनिंगचा वेळ, सगळं भंगारात.

आता वचन दिलेला हिशेब. समजा आठ तासांची पाळी, अर्धा तास जेवणाचा गेला, राहिले ४५० मिनिटं. एका पीसला चार मिनिटं. पण मध्ये जॉब बदलायला, म्हणजे मशीन नव्या कामाला लावायच्या सेटिंगला दीड तास गेला, उरले ३६० मिनिटं, ९० पीस, त्यातले सहा रिजेक्ट, हाती आले ८४. तोच माणूस, तेच मशीन. पण सेटिंग करायच्या आधीच, चालू जॉब संपायच्या अगोदर, पुढच्या जॉबचं ड्रॉइंग, टूल, जॉ, गेज सगळं ट्रॉलीवर लावून ठेवलं आणि सेटिंग पंचेचाळीस मिनिटांत उरकली, तर ४०५ मिनिटं मिळाली, १०१ पीस. माप वेळेवर लिहिल्यामुळं रिजेक्शन दोनवर आलं. ९९ चांगले पीस. पंधरा पीस जास्त, आणि कुणी जास्त पळालं नाही, कुणाचा घाम जास्त गळला नाही. असं शंभर मशीनवर झालं तर बेळगावला येणाऱ्या ऑर्डरवर काय फरक पडेल तुम्हीच सांगा.

हे लूमवरही तसंच आहे बरं का. धागा तुटल्यावर लूम किती वेळ बंद राहतो, का तुटला, बीममध्ये (ताण्याच्या रुळात) गडबड की ताण जास्त, हे लिहून ठेवणारा विणकर आणि नुसता गाठ मारून पुढं जाणारा, दोघांच्या महिन्याच्या पगारात फरक पडतो.

पायरी ६: भाषा

मराठी माध्यमातल्या पोरांना दोन भीती असतात, इंग्रजी आणि कन्नड. इंग्रजीची भीती निम्मी खोटी आहे, ड्रॉइंग, अलार्म, टूल लिस्ट यात मिळून दोन-तीनशे शब्द येतात, ते पाठ केले की शॉपफ्लोअरवर अडत नाही. ट्रेडची निमीची (आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेची) पुस्तकं बऱ्याच भारतीय भाषांत आहेत, भारत स्किल्सच्या सरकारी साइटवर प्रश्नसंचही आहेत, आधी समजलेल्या भाषेत वाचा आणि मग तेच इंग्रजीत.

कन्नड मात्र मनापासून शिका. आपली मराठी आपल्या घरात, शाळेत, गावात आहे आणि ती राहील, त्यासाठी आपली माणसं इतकी वर्षं झटलीत. पण हत्तरगीला किंवा साखर कारखान्यात तुमच्या शेजारचा माणूस कन्नड बोलतो, सेफ्टीचे बोर्ड कन्नडमध्ये असतात, आणि कुणी "निल्लिसी" ओरडला म्हणजे मशीन थांबव म्हणतोय, "बेंकी" म्हणजे आग, हे त्या क्षणाला कळायला हवं. सुपरवायझर व्हायचं असेल तर दोन्ही भाषांत माणसं सांभाळता यायला हवीत, आणि ज्याला मराठी, कन्नड आणि थोडी हिंदी येते त्याला आपल्या भागात सगळ्यात आधी बढती मिळते हे मी डोळ्यानं बघतोय. कर्नाटक सरकारच्या नोकरीला तर कन्नड लागतंच.

पायरी ७: आधीपासून काम करणाऱ्यांसाठी

वीस वर्षं फाउंड्रीत मोल्डिंग करणारे काका, त्यांच्याकडं कागद एकही नाही. अशांसाठी आरपीएल असतं, म्हणजे आधीच येत असलेल्या कामाची तपासणी करून सर्टिफिकेट. स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी साइटवर बघा, आपल्या कामाचं केंद्र कुठं आहे ते कळतं.

सुतार, लोहार, सोनार, कुंभार, गवंडी, शिंपी, चांभार, न्हावी, बुरूड असे हातानं आणि घरगुती अवजारांनी काम करणारे असाल तर पीएम विश्वकर्मा ही केंद्राची योजना, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, एकूण अठरा कामं. पाच-सात दिवसांचं ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि पाच टक्क्यांनी आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाखांचं कर्ज. घरातल्या एकालाच मिळतं. नोंदणी सीएससी केंद्रावर, म्हणजे सरकारी ऑनलाइन अर्ज भरून देतात तिथं. विणकर मात्र त्या यादीत नाहीत, त्यामुळं वडगावच्या माणसांनी तिथं रांगेत वेळ घालवू नये, हातमाग-यंत्रमागाच्या वेगळ्या योजना वस्त्रोद्योग खात्याकडं असतात.

स्वतःचं काही सुरू करायचंय, शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, दुग्धव्यवसाय, तर आरसेटी, म्हणजे ग्रामीण भागात स्वयंरोजगार शिकवणारी संस्था. बँका चालवतात, राहणं-जेवण-शिकणं सगळं फुकट, आणि ही पद्धत मूळची आपल्याच कर्नाटकातली, १९८२ ला उजिरेत सुरू झाली. घरातल्या सुनांना, मुलींना आवर्जून पाठवा. बाई पंधरा-वीस दिवस घराबाहेर राहणार म्हणून आपल्याकडं नाक मुरडतात, पण परत आल्यावर तिच्या हातात जे काम असतं ते आयुष्यभर राहतं.

पायरी ८: दर वर्षी एक नवी गोष्ट, फार नको

ऑपरेटर असाल तर पहिल्या वर्षी माप आणि ड्रॉइंग. दुसऱ्या वर्षी सेटिंग. तिसऱ्या वर्षी प्रोग्रॅम वाचणं आणि लहान दुरुस्त्या. मग वाटलं तर एनपीटीईएल किंवा ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलांवरचे फुकटचे कोर्स, परीक्षेला तेवढी थोडी फी असते. इलेक्ट्रिशियन असाल तर वायरमन परमिट काढा, आणि स्वतःच्या नावावर कामं घ्यायची तर पुढं इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचं लायसन्सही लागतं. एकाच वर्षात चार कोर्सला नाव घालून एकही पूर्ण न करणारे खूप आहेत.

एक वही ठेवा, दोनशे पानी, साधी. कुठलं मशीन, कुठला कंट्रोल, काय बिघडलं, कसं सुधारलं, तारीख. इंटरव्ह्यूला ही वही पुढं ठेवलीत तर सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते. पगारवाढ मागायला जाताना सुद्धा "मला एक वर्ष झालं" असं म्हणू नका, "माझ्या मशीनचं रिजेक्शन एवढं होतं, आता एवढं आहे" म्हणा, आणि वहीतलं पान उघडा. पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा) नंबर आणि ईएसआय (कामगार आरोग्य विमा) कार्ड पहिल्याच महिन्यात मागून घ्या, नोकरी बदलली तरी यूएएन तोच ठेवा.

आणि छोट्या शॉपच्या मालकांसाठी

तुम्हीही आपलेच. माणूस शिकला की सोडून जातो म्हणून शिकवत नाही असं बरेच जण म्हणतात. मग न शिकलेला माणूस वर्षानुवर्षं तुमच्याकडंच राहतो आणि रोज सहा पीस भंगारात टाकतो, ते चालतं का? पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही पाळीचे ऑपरेटर एकत्र उभे करा, काल काय रिजेक्ट झालं तो पीस टेबलावर ठेवा, कारण त्यांनाच विचारा, ओरडू नका. मोजायची हत्यारं वेळेवर कॅलिब्रेट करा (बरोबर मापतात का तपासून घ्या), पडलेला मायक्रोमीटर परत कपाटात घालू नका. सेटर झालेल्याला सेटरचा पगार द्या, त्याच महिन्यापासून. आणि अप्रेंटिसला चहा आणायला पाठवण्याऐवजी आठवड्यातले दोन दिवस जुन्या सेटरच्या हाताखाली उभा करा, सेटरलाही त्याबद्दल महिन्याला काहीतरी वेगळं द्या, नाहीतर तो शिकवणार नाही, हातचं राखून ठेवेल.